नेपाळमधील शाश्वत ऊर्जा, वाहतूक व बांधकाम

नेपाळमध्ये खनिज तेल निघत नाही. पेट्रोल-डिझेल जवळजवळ सगळे भारतातून येते. हिमालयातून उतरणाऱ्या नद्या मात्र देशाच्या स्वतःच्या आहेत. इंधन बाहेरचे आणि पाणी घरचे, या स्थितीनेच येथील ऊर्जा व वाहतूक धोरणाला दिशा दिली.

पहिले जलविद्युत केंद्र 1911 मध्ये काठमांडूजवळ फर्पिंग येथे उभे राहिले. त्याची क्षमता 500 किलोवॅट होती. पुढची वाटचाल संथ झाली. 2009 च्या हिवाळ्यात राजधानीतही दिवसाला 16 तासांपर्यंत भारनियमन होते. 2016 च्या दिवाळीपासून वीज प्राधिकरणाने वाटपाची शिस्त आणि भारताकडून वाढीव खरेदी यांच्या जोरावर ते आटोक्यात आणले. 2021 मध्ये मुख्यतः देशी भांडवलावर उभारलेला 456 मेगावॅटचा अपर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला. आता पावसाळ्यात भारताला आणि 2024 पासून भारताच्याच तारांवरून बांगलादेशालाही वीज विकली जाते. मात्र बहुतेक केंद्रे नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. कुलेखानीसारखा मोठा जलाशय अपवादच. त्यामुळे हिवाळ्यात प्रवाह आटला की वीज पुन्हा आयात करावी लागते, आणि त्यातली बरीचशी कोळशाची असते. या व्यवस्थेचे खरे दुखणे हेच आहे. स्वयंपाकघरापर्यंतही वीज अजून पोचलेली नाही: 2021 च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक कुटुंबांची चूल लाकडावरच पेटते.

वाहतुकीत विजेचा वापर जुना आहे. 1975 मध्ये चीनच्या मदतीने काठमांडूत ट्रॉलीबस धावू लागली. देखभालीअभावी ती बंद पडली, हे मोठे नुकसान होय. 1990 च्या दशकात तीनचाकी ‘सफा टेम्पो’ आले. चार्जिंग केंद्रावर उतरलेल्या बॅटऱ्यांचा संच काढून भरलेला बसवला की टेम्पो लगेच पुढच्या फेरीला निघतो. ते चालवणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. 2015-16 मध्ये भारताच्या सीमेवर वाहतुकीची कोंडी होऊन इंधन अडले तेव्हा पंपांवर रांगा लागल्या आणि तेलावरील परावलंबन उघडे पडले. पुढे करसवलतीही मिळाल्याने आता देशात येणाऱ्या नव्या मोटारींत विजेवरच्याच अधिक असतात. घाटात चालणारे ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बस बहुतांशी डिझेलवर आहेत.

बांधकामाला कलाटणी मिळाली ती 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाने. सुमारे पाच लाख घरे पडली. त्यांत दगड-मातीची घरे बहुसंख्य होती. दोष मातीपेक्षा भिंती एकमेकींना न बांधण्यात होता. म्हणून सरकारी नमुना आराखड्यांत लाकडी वा काँक्रीटचे आडवे पट्टे घातलेल्या दगड-मातीच्या घरांनाही मान्यता मिळाली. तरीही अनेकांनी सिमेंटची लहान घरे पसंत केली. त्यांत थंडी जास्त लागते आणि सामान दुरून आणावे लागते. भूकंपात कोसळलेल्या अनेक वीटभट्ट्या नव्या पद्धतीने उभारल्या गेल्या. त्यांत गरम हवेला नागमोडी वाट मिळेल अशा विटा रचतात. त्यामुळे कोळसा कमी जळतो आणि काजळीही घटते.