दिल्ली जवळ, जंजिरा दूर

दिल्लीत नेमणुकीवर असलेल्या मराठी माणसास आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाच्या खुणा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमचे सरोजिनी नगर, म्हणजे पूर्वीचे विनयनगर, तेथून तालकटोरा अगदी जवळ. मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाची फौज त्याच परिसरात येऊन धडकली होती. पुढे १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली हस्तगत केली. या स्मृतींचा आम्हांस अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. तथापि रजेवर गेले असता एक दिवस मोटार काढून अलिबागेहून मुरूडपर्यंत समुद्रकाठाने जावे, म्हणजे या अभिमानास एका अवघड प्रश्नाची जोड मिळते. ज्यांना दिल्ली साधली, त्यांना स्वतःच्या किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसणारे एक बेट का साधले नाही?

वाट सुमारे पन्नास किलोमीटरांची आहे. आरंभी अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीच्या वेळी त्यात पायी जाता येते. शिवाजीमहाराजांनी अखेरच्या दिवसांत हाती घेतलेले हे काम संभाजीमहाराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी येथून इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनाही जरब बसविली. १७२९ मध्ये ते वारले. त्यांची समाधी अलिबागेतच आहे. तिचे दर्शन घेऊनच पुढे निघावे.

थोड्याच अंतरावर आक्षी लागते. तेथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, व मराठीतील सर्वांत जुना असे काही अभ्यासक मानतात. नंतर नागावच्या नारळी-पोफळींच्या वाड्या मागे टाकून चौल-रेवदंड्यास यावे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये याच चौल बंदरात उतरला. १५०८ मध्ये येथील आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. रेवदंड्याची तटबंदी आज माडांच्या गर्दीत उभी आहे.

कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की उजवीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून तो घेतला. वसईच्या पराभवानंतर, १७४० च्या तहाने, रेवदंडा व कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली. पायथ्याच्या गावात मात्र पोर्तुगीजमिश्रित बोली अद्यापि बोलली जाते. सत्ता जाते, पण भाषा घरात राहते, हे परमुलखात मुलांशी मराठी बोलणाऱ्या आमच्या वाचकांस विशेष सांगावयास नको.

काशीदची पांढरी वाळू, नांदगावच्या वाड्या आणि फणसाडचे रान, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे राखीव जंगल होते, यांमधून रस्ता मुरूडला पोहोचतो. येथून दोन जलदुर्ग दिसतात : पद्मदुर्ग आणि दक्षिणेस, राजपुरीसमोर, जंजिरा. आमच्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या मधल्या पाण्यात आहे.

हबशी वंशाच्या सिद्दींनी जंजिरा राखला तो केवळ तटांच्या व तोफांच्या बळावर नव्हे. १६७१ च्या होळीच्या रात्री त्यांनी दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. त्या सुमारास ते मोगलांचे अंकित झाले आणि सुरतेहून त्यांना पैसा व गलबते मिळू लागली. त्यांस शह देण्यासाठी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला. त्या बांधकामाच्या व आरमाराच्या खर्चासाठी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस पैका व धान्य पोचविण्याचा हुकूम झाला होता. ते पोचले नाही. त्यावर १६७५ मध्ये महाराजांनी त्यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. समुद्रात किल्ला उभा राहत असता रसद अडविणारा अधिकारी सिद्दीचीच चाकरी करतो, असा त्याचा रोख असून ब्राह्मण म्हणून कोणाची गय होणार नाही, अशी ताकीद त्यात आहे. म्हणजे दिल्लीपतीची मदत जंजिऱ्यास पोचत होती आणि स्वराज्याची मदत स्वराज्याच्याच किल्ल्यास पोचत नव्हती! सरकारी कागदांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हा मंडळींस या पत्राइतका बोलका ऐतिहासिक कागद दुसरा सापडणे कठीण.

पुढचा इतिहासही याच वळणाचा. १६८२ मध्ये संभाजीमहाराजांनी खाडीत दगडांची भर घालून बेटापर्यंत वाट करण्याचा यत्न केला; तोच मोगल सैन्य कल्याण प्रांतात उतरल्याने त्यांस माघारी वळावे लागले. १७३३ मध्ये बाजीरावाने मोहीम काढली, पण पेशवे, प्रतिनिधी व आंग्रे यांचे एकमत नव्हते. त्याच वर्षी सेखोजी आंग्रे वारले आणि त्यांच्या भावांत कलह माजला. रायगड परत मिळाला, १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातास रणात मारले, परंतु जंजिरा तहाने सिद्दीकडेच राहिला. अखेर १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेऊन तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गास बुडविले. ज्या बळावर जंजिरा घेता आला असता, ते आपणच नष्ट केले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राजपुरीच्या धक्क्यावरून होडीने जंजिऱ्यास जाता येते. पावसाळ्यात मात्र हा मार्ग बंद असतो. होडी अगदी जवळ येईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कोठे आहे ते उमगत नाही. आत गोड्या पाण्याची तळी आहेत. हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. लढाई न होता, कागदावरील सहीने. उलट पद्मदुर्गावर लाटांनी दगड झिजविले आहेत, पण त्यांमधील चुन्याचे दर्जे तसेच ताठ उभे आहेत. त्या गवंड्यांनी आपले काम चोख केले होते. उणीव होती ती त्यांच्या पाठीशी वेळेवर धान्य पाठविणाऱ्यांची.