परतीची वाट

कोयनेची वीज पार मुंबईपर्यंत जाते. पण कोयनाकाठच्या आमच्या वाडीला रात्री-अपरात्री भरवसा होता तो आबांच्या जीपचा. नव्वदच्या आसपास पतसंस्थेचं कर्ज आणि आईच्या पाटल्या घालून आबांनी जुनी डिझेल जीप घेतली आणि वडाप सुरू केलं. एसटी दिवसातून दोनदाच यायची. बाकी वेळ बाजारकरी, शाळेची पोरं, आजारी माणसं, सगळ्यांना ती जीपच.

एका पावसाळ्यात क्लचचं काम करून आणलं आणि जीपला खोड लागली. चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज. मग गाडी कायम उतारावर लावायची, चाकाखालचा दगड काढायचा, ढकलायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. दुकानदारानं नवी बॅटरी गळ्यात मारली. तीही महिन्यात उतरली. एका गॅरेजात सेल्फ भरून घेतला, दुसऱ्यात अल्टरनेटर बदलला. त्यात ॲक्सिलेटरची केबल सारखी धरायची, तीही दोनदा बदलली. पतसंस्थेचे हप्ते थकले. वसुलीवाला दारात आला की आबा मागच्या दारानं रानात जायचे.

अशातच श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या वैनींना कळा सुरू झाल्या. दहा जणांनी ढकलून जीप चालू केली. डिझेल इंजिन एकदा पेटलं की त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून गाडी चालली. पण अर्ध्या वाटेत लाइट पिवळे पडत पडत विझले. वर पाऊस. मी बॉनेटवर बसून हातबॅटरीनं रस्ता दाखवत होतो, मागं वैनी ओरडत होत्या. पाटणच्या दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात पोरगा झाला. आबा मात्र पायरीवर बसून रडले. म्हणाले, "आज दोन जीव गेलं असतं माझ्या गाडीत."

दवाखान्याबाहेर एसटीचा एक ड्रायव्हर चहा पीत होता. त्यानं सांगितलं, "कराडला स्टँडमागं एक वायरमन चाचा हायेत. त्यास्नी दावा. दुसरं कुणी आता हात लावू नगा."

चाचांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. टेस्ट लॅम्प, काच तडकलेला मीटर आणि वायरींची भेंडोळी. आबांनी बॉनेट उघडलं, तर चाचा म्हणाले, "थांबा मालक. आधी सांगा, कधीपासून? त्याआधी गाडीला कसलं काम झालं?"

"क्लचचं."

"ॲक्सिलेटरची केबल गरम होते का?"

आबा बघतच राहिले. "व्हय की वो चाचा! दोनदा बदलली."

चाचा हसले. मीटरची एक वायर त्यांनी बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. चांगल्या गाडीत काटा जागचा जेमतेम हलतो. आमचा चार व्होल्टच्या पुढं गेला. मग त्यांनी एक जाड केबल घेऊन मायनस थेट इंजिनाला जोडली. "मार आता." जीप एका दमात सुरू झाली.

"करंट बॅटरीतून जातो, तसा त्याला परतही यावं लागतं," चाचा म्हणाले. "इंजिनाकडनं चासीवर यायची ही पट्टी, ही त्याची परतीची वाट. क्लचवाल्यानं ती सोडली आणि गंजावरच कशीतरी आवळली. वाट बंद झाली, मग करंट केबलीतनं घुसतो. सेल्फला जोर मिळत नाही, बॅटरी चार्ज होत नाही. बॅटरीचा काय दोष?"

त्यांनी पट्टी काढली, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं लखलखीत घासली आणि घट्ट आवळली. मजुरी घेतली वीस रुपये. आबांनी पन्नासची नोट पुढं केली, तर तीस परत दिले.

चाचांजवळ कसलं सर्टिफिकेट नव्हतं. ट्रकखाली झोपून, शॉक आणि शिव्या खाऊन शिकलेली ही पिढी. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, तो त्यांनी हातानंच समजून घेतला. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 गाड्या आल्या. आता स्कॅनर लावतात, कोड वाचतात. पण कोड सांगतो तक्रार कुठल्या सर्किटची आहे ते. तिथली वायर कुरतडलीय, पिन गंजलीय की अर्थिंग सुटलंय, ते माणसालाच शोधावं लागतं.

त्या रात्री जन्मलेला पोरगा आज पिकअप चालवतो. चांगला वायरमन कसा ओळखायचा, असं त्यानं मला परवा विचारलं. मी म्हटलं, "आधी पाना उचलतो का आधी प्रश्न विचारतो, तेवढं बघ."