युसेबियो (१९४२–२०१४) : बेनफिकाचा आघाडीवीर

१९६० च्या दशकात फुटबॉलप्रेमी माणसासमोर पोर्तुगालचे नाव काढले की त्याला हटकून युसेबियो आठवे. वसईकरांचा पोर्तुगीजांशी संबंध १७३९ साली संपला आणि गोव्याचा १९६१ साली. परंतु गोव्यातील जुन्या पिढीच्या फुटबॉलप्रेमींच्या बोलण्यात बेनफिका आणि युसेबियो ही दोन नावे त्यानंतरही अनेक वर्षे जोडीने येत असत. ज्या खेळाडूला सारे जग पोर्तुगीज म्हणून ओळखत होते तो जन्माने आफ्रिकी होता आणि त्याची मायभूमी तेव्हा पारतंत्र्यात होती. त्याची कारकीर्द समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

युसेबियो दा सिल्वा फरेरा याचा जन्म २५ जानेवारी १९४२ रोजी मोझांबिकच्या राजधानीत, लोरेन्सो मार्केस येथे झाला. त्या शहराला आज मापुटो म्हणतात. माफालाला नावाच्या गरीब वस्तीत तो वाढला. वडील रेल्वेत कामाला होते. युसेबियो आठ वर्षांचा असताना धनुर्वाताने त्यांचे निधन झाले आणि मुलांचा सारा भार आई एलिसा हिच्यावर पडला. वस्तीतील मुले चिंध्या व कागद यांचा चेंडू बांधून अनवाणी खेळत. त्यांनी आपल्या संघाला ‘ओस ब्राझिलेरोस’, म्हणजे ब्राझीलवाले, असे नाव दिले होते. पुढे युसेबियो तेथील स्पोर्टिंग क्लबकडून खेळू लागला. हा क्लब लिस्बनच्या स्पोर्टिंगची शाखा होता आणि बेनफिका हा त्या स्पोर्टिंगचा हाडवैरी. पुढचे सारे नाट्य यातूनच घडले.

बेनफिकाचे हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमन यांच्या कानी या मुलाची कीर्ती गेली, ती लिस्बनमधील एका केशकर्तनालयात. ब्राझीलचे माजी खेळाडू बाउएर तेथे भेटले आणि आफ्रिकेच्या दौऱ्यात आपण पाहिलेल्या एका विलक्षण मुलाविषयी बोलले. स्पोर्टिंगला त्याची आधी परीक्षा घ्यायची होती. बेनफिकाने रीतसर करार पुढे केला आणि त्याच्या आईला रक्कम दिली. डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनला आला. ही बातमी फुटू नये म्हणून त्याच्यासाठी ‘रूथ मालोसो’ हे टोपणनाव वापरण्यात आले होते. बायबलमधील रूथही आपला देश सोडून परक्या मुलखात गेली होती. हे नाव निवडणाऱ्यांच्या मनात तसे काही असेल असे मात्र मला वाटत नाही. स्पोर्टिंगच्या माणसांनी गाठू नये म्हणून त्याला काही दिवस अल्गार्वच्या किनाऱ्यावर लपवून ठेवले गेले. येताना त्याच्याजवळ आईने लिहून दिलेले एक पत्र होते. ते मारिओ कोलुना या मोझांबिकच्याच ज्येष्ठ खेळाडूच्या नावे होते. माझ्या मुलाला सांभाळा, एवढीच त्यात विनंती होती. कोलुनाने ती मनापासून पाळली. पैशांच्या व्यवहारापासून कपड्यांपर्यंत सर्वत्र त्याने थोरल्या भावासारखे लक्ष घातले.

दोन्ही क्लबांतील वाद मिटेपर्यंत १९६१ चा मे महिना उजाडला. पहिल्याच मैत्रीपूर्ण सामन्यात युसेबियोने तीन गोल केले. जूनमध्ये पॅरिसच्या स्पर्धेत पेलेच्या सांतोस संघापुढे बेनफिकाची दाणादाण उडाली असता बदली खेळाडू म्हणून तो मैदानात उतरला आणि तेथेही त्याने तीन गोल केले. सामना सांतोसने ६-३ असा जिंकला, पण चर्चा मात्र या एकोणीस वर्षांच्या मुलाचीच झाली. ऑक्टोबर १९६१ मध्ये तो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघातून लक्झेंबर्गविरुद्ध प्रथम खेळला. पोर्तुगाल ४-२ असा हरला. त्यातील एक गोल त्याचा होता. त्यानंतर दोन महिन्यांनी गोवा मुक्त झाला.

२ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅम येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बेनफिकाची गाठ रेआल माद्रिदशी पडली. पुश्काशने पूर्वार्धातच तीन गोल केले. उत्तरार्धात युसेबियोने आधी पेनल्टीवर व नंतर फ्री-किकवर गोल केला आणि बेनफिकाने ५-३ असा विजय मिळवला. सामना संपताच युसेबियो धावला तो आपला आदर्श दी स्टेफानो याच्याकडे, त्याची जर्सी मागायला! चषकापेक्षा त्या जर्सीचे आपल्याला अधिक अप्रूप होते, असे तो पुढेही सांगत असे.

त्यानंतर १९६३, १९६५ आणि १९६८ अशा तीन अंतिम सामन्यांत तो खेळला आणि तिन्ही वेळा बेनफिकाच्या पदरी पराभव आला. मानधनाच्या वादातून क्लब सोडताना गुटमन यांनी शाप दिला होता, अशी एक कथा प्रचलित आहे. १९९० साली व्हिएन्नातील अंतिम सामन्यापूर्वी युसेबियोने त्यांच्या कबरीवर जाऊन प्रार्थना केली, असे सांगतात. सामना मिलानने १-० असा जिंकला. शापावर विश्वास ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. पण मृतासाठी केलेली प्रार्थना कधी वाया जात नाही.

१९६५ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डोर हा बहुमान त्याला लाभला. पुढच्या वर्षीच्या इंग्लंडमधील विश्वचषकात त्याने ९ गोल केले. स्पर्धेत इतके गोल दुसऱ्या कोणीही केले नव्हते. २३ जुलै १९६६ रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर उत्तर कोरियाने पंचविसाव्या मिनिटालाच ३-० अशी आघाडी घेतली, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. दोनच मिनिटांत युसेबियोने पहिला गोल केला आणि आनंदोत्सव न करता जाळ्यातला चेंडू उचलून तो मध्यरेषेकडे धावला, जणू कामाला उशीर झाला होता. एकोणसाठाव्या मिनिटापर्यंत त्याचे चार गोल झाले होते. चौथ्याच्या वेळी डाव्या बाजूने मुसंडी मारताना त्याला पाडण्यात आले. उठून त्यानेच पेनल्टी मारली. सामना ५-३ असा संपला. उपांत्य फेरीत मात्र इंग्लंडने २-१ असे हरवले. युसेबियो रडत मैदानाबाहेर गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनवर पेनल्टीचा गोल केल्यावर तो त्याच्याजवळ गेला आणि त्याचे सांत्वन केले.

त्याच्या या स्वभावाची खरी कसोटी १९६८ च्या वेम्बलीवरील अंतिम सामन्यात लागली. मँचेस्टर युनायटेडशी १-१ अशी बरोबरी असताना, अखेरच्या मिनिटांत तो एकटा गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनीसमोर आला. त्याने सर्व शक्तीनिशी मारलेला फटका स्टेपनीने छातीशी अडवला. चषक हातचा निसटत असताना युसेबियो थांबला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. जादा वेळेत बेनफिका ४-१ असा हरला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या गोलांहून या टाळ्या मोठ्या.

इटलीतील क्लब त्याला मोठी रक्कम देऊ करत होते. परंतु सालाझारच्या राजवटीने आपल्याला देश सोडू दिला नाही, असे युसेबियोने नंतर मुलाखतींतून सांगितले. १९६६ नंतर इटलीने परदेशी खेळाडूंना दारे बंद केल्याने तो मार्गही खुंटला. इकडे मोझांबिकमध्ये १९६४ पासून स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते आणि त्याच भूमीचा पुत्र साम्राज्याच्या एकतेचे प्रतीक म्हणून मिरवला जात होता. त्याने राजकीय भूमिका घेतली नाही. त्याबद्दल त्याला दोष देणारे आहेत; पण हुकूमशाहीत व्यावसायिक खेळाडूच्या पायांवर त्याची स्वतःची मालकी कितपत असते, याचाही विचार व्हावा.

त्या पायांनीही फार सोसले. प्रतिस्पर्धी त्याला लाथाडत, गुडघा सुजे, आणि तरीही तो खेळे. एकट्या डाव्या गुडघ्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आहे. अशा अवस्थेतही १९७२-७३ च्या हंगामात त्याने लीगमध्ये ४० गोल केले आणि युरोपचा ‘सुवर्ण बूट’ दुसऱ्यांदा मिळवला. पहिला १९६८ साली ४२ गोलांसाठी मिळाला होता. बेनफिकाबरोबर त्याने ११ वेळा लीगचे विजेतेपद पटकावले. राष्ट्रीय संघासाठी ६४ सामन्यांत त्याचे ४१ गोल झाले. हा विक्रम २००५ साली पाउलेताने मोडला.

१९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी युसेबियोने बेनफिका सोडले. त्यानंतर तो अमेरिका, मेक्सिको व कॅनडात खेळला. १९७६ साली टोरांटोच्या संघाने उत्तर अमेरिकेचे विजेतेपद मिळवले, त्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल होता. पोर्तुगालमध्ये परतून बेइरा-मार या छोट्या क्लबकडून खेळताना बेनफिकाशी सामना आला, तेव्हा आपण गोलवर फटका मारणार नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले होते.

५ जानेवारी २०१४ रोजी लिस्बनमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटी बेनफिकाच्या स्टेडियमभोवती फिरवण्यात आली. नंतर सेमिनरीच्या ख्रिस्तमंदिरात मिस्सा होऊन पावसातच दफनविधी झाला. ३ जुलै २०१५ रोजी त्याचे अवशेष राष्ट्रीय स्मारकात, सांता एन्ग्रासिया येथे हलवण्यात आले. हा मान मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. ही वास्तू मुळात एक ख्रिस्तमंदिर. तिचे काम सतराव्या शतकात सुरू झाले आणि इतके रेंगाळले की न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज भाषेत ‘सांता एन्ग्रासियाचे काम’ म्हणतात. ते पूर्ण झाले १९६६ साली, युसेबियोच्या नऊ गोलांच्या वर्षी.