मधुमेह : दैनंदिन निगा

मधुमेह जडल्यानंतर आहार, व्यायाम, औषधे, तपासण्या आणि शरीराची रोजची काळजी यांच्या आधारे रक्तातील साखर मर्यादेत राखणे, तसेच डोळे, मूत्रपिंडे, हृदय, मज्जातंतू व पाय यांची हानी टाळणे किंवा लांबवणे, याला मधुमेहातील दैनंदिन निगा म्हणतात. डॉक्टरांची भेट काही आठवड्यांनी वा महिन्यांनी होते. मधल्या काळात ही निगा रुग्ण आणि त्याच्या घरची माणसेच घेतात. त्यामुळे रुग्णाला व घरच्यांना शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. रोगाची कारणे, प्रकार व औषधे यांचे विवेचन अन्यत्र आहे (पहा : मधुमेह, इन्शुलिन).

प्रसार : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे व आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या पूर्वावस्थेत आहेत. गोव्यातील प्रमाण (२६.४ टक्के) देशात सर्वाधिक आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील गर्भवती व त्यांच्या बालकांचा दीर्घकालीन अभ्यास केला. वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीचे प्रमाण जास्त, अशी भारतीय शरीराची ठेवण जन्मापासूनच असते, हे त्यातून पुढे आले. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या मर्यादा कडक आहेत : शरीरभारांक २३ च्या आत आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी.पेक्षा कमी असावा.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या विकारांच्या, रुग्णाला भरपूर श्रम व चालणे सांगितले आहे, निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्रीशिवाय, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, असाही उपाय तेथे येतो. यातील चालणे आजही मान्य आहे. अनवाणी चालणे मात्र, पुढे सांगितलेल्या कारणांसाठी, कोणत्याही मधुमेह्याने करू नये. आधुनिक काळात बॉस्टनचे इलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्ये डॉक्टर व रुग्ण या दोघांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली आणि रुग्णशिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे रुग्णाला प्रथम इन्शुलिन टोचले गेले व त्यानंतर या निगेला दीर्घ आयुष्याची जोड मिळाली. स्वतः मधुमेही असलेले डॉक्टर रॉबिन लॉरेन्स आणि लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णांची संघटना स्थापन केली. साखर काटेकोर राखल्यास उपद्रव घटतात, हे पहिल्या प्रकारच्या मधुमेहात १९९३ च्या अमेरिकी आणि दुसऱ्या प्रकारात १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासाने सिद्ध झाले.

आहार : एकच आहार सर्वांना लागू पडत नाही. ताटातील भात, पोळी व भाकरीचे प्रमाण आवरावे आणि भाज्या, कोशिंबीर, उसळी, डाळी, ताक वाढवावे, यावर तज्ज्ञांचे बहुधा एकमत आहे. गूळ वा मध साखरेऐवजी घेतल्याने रक्तातील साखरेच्या दृष्टीने विशेष लाभ नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी पिष्टमय पदार्थांनी भरलेली असते. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवास, मग तो एकादशीचा असो वा रमजानचा, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. दिवसातून दोनदाच जेवावे की थोडे थोडे अनेकदा, हा महाराष्ट्रात गाजलेला वाद अद्याप मिटलेला नाही. वजन बरेच घटवल्यास काही रुग्णांत औषधाविना साखर काही काळ मर्यादेत राहते. त्याला रोगमुक्ती म्हणावे का, याबद्दल मतभेद आहेत. कारले, मेथी, जांभळाच्या बिया यांचा थोडा परिणाम काही प्रयोगांत दिसतो. मात्र हे पदार्थ औषधांची जागा घेऊ शकत नाहीत. घरात एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही, सर्वांचेच ताट बदलले तर पथ्य टिकते. मधुमेही स्त्री अनेक घरांत सर्वांना वाढून शेवटी, उशिरा जेवते. औषध घेतलेले असल्यास हे धोक्याचे आहे आणि त्याची दखल घरातील इतरांनी घ्यायला हवी.

व्यायाम : आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम श्रम करावेत, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. पूर्वावस्थेतील लोकांना याचा लाभ होतो, हे चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसले : राहणी बदललेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला.

साखर एकदम कमी होणे : रक्तशर्करा ७० मिग्रॅ./डेलि.च्या खाली गेल्यास घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस चिडचिडा किंवा सैरभैर होतो. तीन चमचे साखर (सुमारे १५ ग्रॅम) पाण्यात घालून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास परत द्यावी व नंतर जेवण द्यावे. चॉकलेट किंवा पेढा यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

पायांची निगा : मधुमेहाच्या सर्व उपद्रवांत रोजच्या सवयींनी बराच टाळता येणारा उपद्रव पायांचा आहे आणि अनेकदा दुर्लक्षही याकडेच होते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाचे मज्जातंतू निकामी होतात. आधी मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, मग पाय बधिर होतो. आग थांबली म्हणून रुग्णाला बरे वाटते, पण खरा धोका तेव्हाच सुरू होतो. बधिर पायात खिळा शिरला, चप्पल पडून गेली, दुचाकीच्या सायलेन्सरचा चटका बसला, तरी कळत नाही. दुखत नसल्याने जखमेवर माणूस चालत राहतो, जंतुसंसर्ग खोल जातो, रक्तपुरवठा कमी असेल तर गँगरीन होते. पाय किंवा बोट कापावे लागलेल्या बहुतेक मधुमेह्यांमध्ये सुरुवात एका छोट्या जखमेने झालेली असते.

बधिर पाय जपण्याच्या या विचाराचा पाया कुष्ठरोगाच्या उपचारात घातला गेला. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करताना दाखवून दिले, की कुष्ठरोग्याच्या पायाचे मांस मुळात सडके नसते. वेदना नसल्याने एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि त्या दाबाने व्रण होतो. दाब काढला तर व्रण भरतो. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे हेच तत्त्व मधुमेही पायाला लागू करण्यात आले. कुष्ठरोग्यांसाठी भारतात वापरात आलेल्या सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे ‘एमसीआर’च्या मऊ तळाच्या चपला आज मधुमेह्यांना दिल्या जातात. संवेदना तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तो न जाणवल्यास पाय धोक्यात आहे असे समजावे. काही मिनिटांची व अल्प खर्चाची ही चाचणी दरवर्षी प्रत्येक मधुमेह्याची व्हायला हवी.

रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून उजेडात पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. अनेक रुग्णांची नजर मधुमेहानेच अधू झालेली असते. अशा वेळी मुलाने, सुनेने, नातवाने रोज पाय पाहणे हा घरच्यांकडून मिळणारा सर्वांत मोलाचा आधार होय. पावसाळ्यात चिखल्या होतात, त्यांतून जंतू शिरतात. शेतकऱ्यांनी यासाठी विशेष जपावे. टाचांच्या भेगांना तेल वा व्हॅसलीन लावावे, मात्र बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत. भोवरी ब्लेडने कापू नये, तिच्यावर पट्टीचे औषधही लावू नये. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. पाण्याची उष्णता पायाने अजमावू नये, कोपर बुडवून पाहावे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घट्टे किंवा व्रण दिसल्यास तासन्‌तास मांडी घालून बसणे सोडावे. नुसत्या अंगठ्याच्या चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली, पुढे रुंद चप्पल बरी. ती संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावी आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. घरातही अनवाणी चालू नये. वैशाखातील देवळाचे तापलेले अंगण, नवरात्रातील अनवाणी राहण्याचे व्रत, दिंडीतील लांबची चाल या ठिकाणी बधिर पाय हमखास भाजतो किंवा सोलतो. श्रद्धेला बाध न आणता जाड मोजे किंवा मऊ चप्पल यांची मुभा घ्यावी, असे रुग्णांना स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे काम आहे. जखम झाल्यास, ती दुखत नसली तरी, त्याच दिवशी दाखवावी. एक पाय अचानक लाल, गरम व सुजलेला दिसला आणि फारसे दुखत नसेल, तर हाडांचा ऱ्हास सुरू झालेला असू शकतो. त्यावर वजन टाकणे ताबडतोब थांबवावे.

१९८९ मध्ये इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातील देशांनी मधुमेहामुळे होणारे पायांचे विच्छेदन पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

इतर तपासण्या : गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी (उद्दिष्ट बहुतेकांसाठी ७ टक्क्यांखाली) दर तीन ते सहा महिन्यांनी; डोळ्यांचे पडदे, लघवीतील अल्ब्युमिन व कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा; रक्तदाब प्रत्येक भेटीत.

इन्शुलिन साठवण : न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावी. वीज नसलेल्या घरी बाटली पिशवीत घालून माठासारख्या ओल्या मातीच्या भांड्यात ठेवतात.

मानसिक बाजू : रोजच्या पथ्याचा थकवा व नैराश्य या रुग्णांत वारंवार आढळते, डॉक्टरांनी त्याची आपणहून विचारपूस करावी.

संस्था व योजना : मुंबईत १९५५ मध्ये स्थापन झालेली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही या क्षेत्रातील जुनी संस्था आहे, तिचे रुग्णालय माहीम येथे आहे. १४ नोव्हेंबर या, इन्शुलिनच्या शोधातील एक शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिनी १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन पाळतात. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत तिशीपुढील व्यक्तींची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रांत होते आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी नोंदी घेतात. पायांची संवेदना तपासण्याचा धागा व मऊ चपला जेथे या केंद्रांपर्यंत पोचल्या नाहीत, तेथे रुग्णाला अजूनही जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते.