दातवण कोणी करू नये?

हेमाद्री पंडित मोडी लिपी आणि हेमाडपंती मंदिरांच्या संदर्भात सर्वांना परिचित आहे. देवगिरीच्या यादवांच्या याच मंत्र्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आजचा बीड जिल्हा त्याच यादव राज्यात होता. अंबाजोगाईत यादव सेनापती खोलेश्वराच्या नावाचे मंदिर आजही उभे आहे.

वाग्भटाचे दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड आणि हिरड्यांना इजा न करणारे. पण खरी मेख पुढे आहे. अजीर्ण, दमा, खोकला, ताप किंवा अर्दित, म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात, असणाऱ्याला तो दातवण वर्ज्य सांगतो. थोडक्यात, थकल्या देहाच्या तोंडात काडी घालू नये.

पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आला आणि तव्यावर काळा होईतो भाजून त्याची मिश्री झाली. पुढे कित्येक आज्यांचे तेच दंतमंजन ठरले. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ मध्ये उचलून धरली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायद्याचा हात पोहोचणे कठीणच!

दातांवरचा चिकट थर हा जिवाणूंची वसाहत असतो. तो घासण्यानेच निघतो; पेस्टमधील खडू किंवा सिलिका त्या घासण्याला साहाय्य करते, फ्लोराइड कीड रोखते. राखुंडीही थर काढते, परंतु उतारवयात हिरडी मागे सरून उघडे पडलेले मऊ मूळही झिजवते. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्यांना तर फेसाचाच ठसका लागतो.

जपानमधील ११ शुश्रूषागृहांतील वृद्धांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. जेवणानंतर सेविकांनी दात घासून दिलेल्या वृद्धांमध्ये दोन वर्षांत न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, इतरांत १९ टक्क्यांना. तोंडातील जिवाणू लाळेवाटे फुप्फुसात उतरतात, हे त्यामागचे कारण. म्हणजे वाग्भटाने ज्यांच्या हातून काडी काढून घेतली, त्यांनाच दुसऱ्याच्या हाताची सर्वाधिक गरज होती.

अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्धांच्या आजारांसाठी शासकीय केंद्र उभारले गेले. पण दात रोज घासायचे असतात, तेही घरी. आणि बीडच्या अनेक गावांत दिवाळीच्या सुमारास कर्ती माणसे उसतोडीला निघतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे.