नाशिकच्या गाड्यांतला गॅस

मोटारीत एलपीजी जाळायला भारतात 2000 सालापर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. त्या वर्षी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 बदलले आणि जुन्या पेट्रोल गाडीला गॅसकिट बसवणे शक्य झाले. पाठोपाठ 2001 मध्ये केंद्राने वाहनांतल्या एलपीजीसाठी स्वतंत्र आदेश काढला. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवायला त्यात मुभा नव्हती. तरीही नाशिकसह राज्यातल्या अनेक शहरांत मारुती व्हॅन त्याच लाल सिलिंडरवर धावत राहिल्या.

नाशिकला दुसरा पर्याय नव्हता, हे त्यामागचे मोठे कारण. मुंबईच्या टॅक्सींना 1990 च्या दशकातच सीएनजी मिळू लागला होता. कसारा घाटाच्या वर मात्र शहरी वापराची गॅसवाहिनी नव्हती. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत गॅसपुरवठ्याचा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडला मिळाला तो 2018 मध्ये. तोवर पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणणाऱ्या शाळेच्या व्हॅनवाल्याला एलपीजीखेरीज मार्ग उरत नसे.

गॅसवर गाडीचे अ‍ॅव्हरेज घटते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर द्रवरूप एलपीजीमध्ये 25 च्या आसपास. म्हणजे पेट्रोलवर लिटरला 15 किलोमीटर जाणारी व्हॅन गॅसवर 12 च्या आत येते. गॅसचा लिटरचा भाव पेट्रोलच्या पाऊण पटीपेक्षा बराच खाली असेल, तरच किटचे पैसे वसूल होतात आणि तेही रोज भरपूर फिरणाऱ्या गाडीचे. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या घरच्या गाडीला किट बसवण्यात फारसा अर्थ नव्हता.

सबसिडीच्या सिलिंडरने मात्र हा हिशेबच पालटला. 14.2 किलो गॅसमधली उष्णता साधारण 20 लिटर पेट्रोलएवढी भरते. 2012 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत पेट्रोल 68 रुपयांच्या आसपास होते आणि सबसिडीचा सिलिंडर सुमारे 400 रुपयांना. पेट्रोलवर 1,350 रुपयांहून जास्त लागतील तेवढे अंतर, सुमारे 300 किलोमीटर, एका सिलिंडरमध्ये कापता येई. पंपावरचा ऑटो एलपीजी या भावापुढे टिकणे शक्यच नव्हते.

या स्वस्ताईची किंमत गाडीत बसणाऱ्यांच्या जिवावर होती. मान्यताप्राप्त टाकी 80 टक्केच भरते. उरलेली जागा उन्हात फुगणाऱ्या द्रवासाठी राखलेली असते. नळी तुटली तर गॅस अडवणारी झडपही तिला असते. स्वयंपाकाचा सिलिंडर चालत्या गाडीसाठी बनवलेलाच नाही. तो गाडीत ठेवून किंवा मोटर लावून त्यातला गॅस टाकीत उतरवून, मागे शाळेची मुले बसवणे हे कोणत्याही बचतीने समर्थनीय ठरत नाही. अशा अड्ड्यांवर पुरवठा विभाग आणि पोलीस जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली छापे घालत. पण भावातली तफावत होती तोवर अड्डे पुन्हा उभे राहत.

भावातल्या अशा तफावतीवर केवढी गुन्हेगारी पोसली जाते, हे नाशिक जिल्ह्याने रॉकेलच्या बाबतीत पाहिले आहे. मनमाडजवळ तेल कंपन्यांच्या पानेवाडी डेपोंच्या परिसरात रॉकेलची भेसळ करणाऱ्यांना रोखताना मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी जिवंत जाळण्यात आले.

सप्टेंबर 2012 मध्ये सबसिडीच्या सिलिंडरांवर वर्षाला सहाची मर्यादा आली. ती पुढे नऊ आणि मग बारा झाली. जानेवारी 2015 पासून देशभर सिलिंडर पूर्ण भावाने विकून सबसिडी बँक खात्यात जमा होऊ लागली. काळाबाजार संपला नाही, पण पूर्वीइतका सोपाही राहिला नाही.

दरम्यान गाड्याही बदलल्या. कार्बोरेटरच्या व्हॅनला साधा मिक्सर पुरत असे. इंजेक्शनच्या इंजिनाला संगणकाने चालणारे महागडे किट लागते. मारुतीने 2006 मध्ये कारखान्यातच एलपीजी बसवलेली वॅगन-आर ड्युओ आणली. पुढे नाशिकमध्येही सीएनजीचे पंप सुरू झाले आणि नवे किट बसवणारे तिकडे वळू लागले. ज्या ओम्नी व्हॅनवर हा सारा व्यवहार उभा होता, तिचे उत्पादन 2019 मध्ये थांबले.