ब्रेक जातात कुठे? : जग्वार, ल मां आणि १९५३

रेसिंगच्या गप्पा निघाल्या की आपण इंजिनावर तासन्‌तास बोलतो. आज मी ब्रेकची गोष्ट सांगणार आहे. १९५३ ची ल मां शर्यत जग्वारने जिंकली, त्यात ब्रेकचा वाटा मला इंजिनाइतकाच मोठा वाटतो.

फ्रान्समधलं ल मां. शर्यत २४ तासांची, रात्रभर चालणारी. तिथे मुल्सानचा सरळ रस्ता आहे, जवळपास ६ किलोमीटरचा. गाड्या ताशी २०० किलोमीटरच्या वर पळायच्या आणि पुढे एकदम उजवीकडे वळण. तिथे पेडल दाबलं आणि ते नुसतंच खाली गेलं तर? ही भीती दर फेरीला असायची.

असं का व्हायचं? ब्रेक लावला की गाडीच्या वेगाची उष्णता होते. वेग दुप्पट, तर उष्णता चौपट. तेव्हा बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असायचे. ड्रम म्हणजे बंद डबाच, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापला की तो फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जातं. शिवाय लायनर फार तापला की पकड सोडतो. मग पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. गंमत म्हणजे गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठणठणीत! मेकॅनिक तपासायला बसला तर दोष जागेवर नाहीच.

यावरचा उपाय कागदावर जुनाच होता. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. उघडी चकती, दोन्ही बाजूंनी पॅड, वारा थेट चकतीवर. पुढे विमानांना असे ब्रेक बसले. मग डनलॉप आणि जग्वार यांनी मिळून ते सी-टाइप या रेसिंग गाडीवर आणले. चाचण्यांचं काम होतं नॉर्मन ड्युइस या टेस्ट ड्रायव्हरकडे.

पण एक दुखणं गेलं आणि दोन नवी आली. पॅडची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचायची, ऑइल उकळायचं, त्यात वाफ व्हायची. वाफ दबते, म्हणून पेडल स्पंजसारखं लागायचं. उपाय : जास्त तापमानाला उकळणारं ऑइल. दुसरं दुखणं जास्त फसवं. वळणात चाकावर जोर आला की चकती किंचित हलायची आणि पॅड मागे ढकलायची. पुढच्या वेळी पहिला पाय रिकामा, दुसऱ्याला ब्रेक! यावर इलाज म्हणजे चाकाचं हब आणि बेअरिंग भक्कम करणं. तोवर ड्रायव्हर वळणाआधीच पेडल हलकेच दाबून बघायचे.

जून १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉसने रॅम्सला डिस्क ब्रेकवाली सी-टाइप पहिली आणली. पुढच्या वर्षी ल मांला टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर. ताशी १०० मैलांची सरासरी तिथे पहिल्यांदाच ओलांडली गेली. दुसरा आणि चौथा नंबरही जग्वारचाच. बाकीचे ड्रायव्हर ब्रेक जपत लवकर वेग कमी करायचे, तेव्हा हे आणखी थोडं पुढे जाऊन पाय ठेवायचे. ते थोडंसं अंतर, दर फेरीला, २४ तास!

आज तुमच्या बाइकच्या पुढच्या चाकाला बहुधा डिस्कच असेल. म्हणून हे निदान आजही उपयोगी आहे. लिव्हर स्पंजी लागतोय? ऑइल आणि आतली हवा बघा. दोनदा दाबल्यावरच ब्रेक लागतो? पॅड, बेअरिंग आणि चकती सरळ आहे का, ते बघून घ्या. घाट उतरताना जळका वास येतोय? सुरक्षित जागी थांबा, ब्रेक थंड होऊ द्या आणि पुढे खालच्या गिअरमध्ये उतरा. आणि गॅरेजमध्ये नुसतं ‘ब्रेक लागत नाही’ म्हणू नका. कधी लागत नाही आणि हाताला, पायाला कसं लागतं, तेही सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

भेटू पुढच्या भागात!